मैल्याच्या गॅसचा हिशेब

मैल्यापासून गॅस करण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘त्यावर सगळा स्वयंपाक होतो का?’ एका कुटुंबापुरते बोलायचे तर होत नाही. माणशी रोज २५ ते ३० लिटर गॅस धरला, तर पाच जणांच्या घरात शेगडी जेमतेम अर्धा तास चालते. चहा आणि भाताचा कुकर झाला की संपले. खरकटे, भाजीची देठे किंवा शेण त्याच टाकीत घातले, तरच त्यात भर पडते.

असे असूनही मला हे काम मोलाचे वाटते, कारण आपल्याकडे त्याची सुरुवात इंधनाच्या हव्यासातून झालेली नाही. सफाईचे काम स्वतः करू द्यावे म्हणून कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये तुरुंगात उपोषण केले आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, कोणालाही मैला उपसावा लागू नये व तो वायाही जाऊ नये, अशा संडासांचे प्रयोग केले. देहूच्या आरोग्य केंद्रातले डॉ. सुहास मापुस्कर यांनी मैल्यापासून गॅस करणाऱ्या ‘मलप्रभा’ संयंत्राच्या रूपाने ते काम पुढे नेले. गावोगावी संडास व्हावेत म्हणून आयुष्य घालवलेल्या या डॉक्टरांना पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर.

अशा संयंत्रात संडासातला मैला थेट बंद टाकीत जातो, त्यामुळे माशी आणि दुर्गंधी दोन्ही टळतात. टाकीतले जिवाणू हवेशिवाय जगतात आणि मैला कुजवून मिथेन तयार करतात. मात्र बादल्याच्या बादल्या पाणी ओतले, तर मैला पुरता कुजण्याआधीच बाहेर ढकलला जातो. संडास ॲसिड आणि फिनेलने चकचकीत करण्याची आपली हौसही त्या जिवाणूंच्या मुळावर येते.

राहिले खत. कुजण्यात नत्र फारसे वाया जात नाही, ते स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ रबड्यात उतरते, म्हणून जुन्या सोनखताइतकीच ही स्लरी पिकाला मानवते. पण जंतांची अंडी चिवट असतात आणि साध्या तापमानाच्या टाकीतून ती जिवंत बाहेर पडू शकतात. त्यामुळे स्लरी पालापाचोळ्याबरोबर नीट कुजवून आणि काही महिने वाळवूनच वापरावी, तीही नारळ-आंब्याच्या आळ्यात. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ती ताजी सोडायला मी तरी तयार होणार नाही.