तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या चोराकडे खंजीर का नसतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ, त्यात प्रत्येकजण एक पात्र चालवतो; माझं पात्र चोर. आमच्या टेबलावर नवीन आलेलं कुणीही दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला मला विचारतंच: "तुमच्या चोराकडे खंजीर नाही, रेपियरची बारीक तलवार नाही. मग ती मारते कशानं?"

दाभणानं. पोती शिवायचं दाभण. ती धान्याच्या बाजारात पोती शिवते, त्यामुळे तिच्याकडे दाभण नसतं तरच पहारेकऱ्याला शंका यायची.

(पात्राच्या या प्रकाराला नियमांच्या पुस्तकात 'रोग' (rogue) म्हणतात. मराठीत तसं लिहिलं की कुणाला तरी काहीतरी झालंय असं वाटतं, म्हणून आमच्याकडे 'चोर'च. आणि १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत हा क्लास पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव 'थीफ'च होतं.)

नवीन मंडळींचा हिशोब शस्त्राच्या फाशावर अडतो. रेपियरला डी एट, म्हणजे नुकसानीचा आठ बाजूंचा फासा, सरासरी ४.५. खंजिराला डी फोर, सरासरी २.५. फरक दोनाचा. पण चोर शस्त्रावर जगतच नाही, तो स्नीक अटॅकवर जगतो, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराला मिळणाऱ्या जादा फाशांवर. पाचव्या लेव्हलला त्याचे तीन डी सिक्स मिळतात, सरासरी १०.५, एकोणिसाव्याला दहा डी सिक्स. एवढे फासे हातात असताना त्या दोन पॉइंटांसाठी कमरेला लखलखती तलवार लटकवून राजवाड्याच्या दारात उभं राहायचं, आणि दारातच ती काढून ठेवायची! शस्त्र कसं लपवायचं यावर लोक तासभर डोकं खाजवतात. मी उलटं बघते: लपवावंच लागणार नाही असं काय आहे?

अडचण एकच, आणि ती खरी आहे. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो. त्यात स्नीक अटॅकला शस्त्र फिनेसचं लागतं, म्हणजे ताकदीऐवजी चपळाईनं चालवता येणारं, नाहीतर लांबून मारायचं. तवा, लाटणं, कुलूप यांतलं काहीच त्यात बसत नाही. हाताला लागेल त्या वस्तूला डी फोर मिळतो, पण स्नीक अटॅक नाही. तव्यानं डोकं फोडायची हौस असेल तर जरूर फोडा, तीन डी सिक्स मात्र मागू नका. पळवाट पुस्तकातच आहे: वस्तू एखाद्या खऱ्या शस्त्रासारखी असेल तर डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) तिला त्या शस्त्राचेच नियम लावू शकतो. दाभण म्हणजे खंजीर, हे मी आमच्या डीएमकडून पहिल्याच सेशनला कबूल करून घेतलं. ऐन मारामारीत विचारलं की डीएम नाहीच म्हणतो.

वाघनखांचं काय, असं विचारणारेही खूप. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून तर प्रत्येक नवीन चोराला तीच हवी असतात. ती कुणाची, हा वाद इतिहासकारांवर सोडू. माझा जीव अडकला तो त्यांच्या घडणीत. एक पट्टी, टोकांना अंगठ्या, नखं तळहाताच्या बाजूला. मूठ मिटली की समोरच्याला फक्त अंगठ्या दिसतात. प्रतापगडाच्या पायथ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण मिठी मारायला पुढे आलेल्या हातात शस्त्र कसं मावलं, हे मला ती पट्टी बघितल्यावर कळलं. खेळात तिला खंजिराचा फासा आणि फिनेस द्या, फेकायची मुभा काढून घ्या. आणि डीएम असाल तर मिठीपर्यंत पोचणं सोपं ठेवू नका, सगळी मजा तिथंच आहे.

फुंकनळी मला आवडत नाही. एक पॉइंट नुकसान, चोराला ती मुळात चालवता येत नाही, आणि हातात नळी घेऊन उभ्या माणसाकडे सगळे बघतातच.

त्यापेक्षा गोफण. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची असते तीच. पुस्तकात तिची किंमत एक चांदीचं नाणं, फासा डी फोर, पल्ला ३० फूट, फार तर १२०. शस्त्र लांब पल्ल्याचं असल्यानं स्नीक अटॅक नियमात बसतो, डीएमच्या पाया पडावं लागत नाही. कमरेला गुंडाळली की ती दोरीच, आणि दगड कुठेही मिळतो.

याच गोफणीनं माझी फजिती केली आहे. चोराच्या सामानात छोट्या धातूच्या गोळ्यांची पिशवी मिळते: एक सोन्याचं नाणं, हजार गोळ्या. त्या दहा फुटांच्या चौकोनात सांडायच्या. भरभर चालणाऱ्यानं चपळाईच्या फाशावर दहा काढले नाहीत तर तो आडवा. मी जिन्याखाली सांडल्या, पहाऱ्याचा नाईक धाडकन पडला, टेबलावर टाळ्या. मी ऐटीत माडीवरून गोफण फिरवली. डीएम शांतपणे म्हणाला, "तो आडवा पडलाय, तू लांब आहेस. डिसअॅडव्हान्टेज." म्हणजे दोन फाशांतला लहान धरायचा आणि स्नीक अटॅक गेला. पाच फुटांच्या आत जाऊन दाभण खुपसलं असतं तर हाच आडवा नाईक मला अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा, देऊन गेला असता. गोळ्या आणि गोफण एकत्र वापरू नका, एवढं माझ्या खर्चानं शिका.

आणखी एक मागणी ठगांच्या रुमालाची. एकट्या चोराला तो देऊ नये असं माझं मत. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या इंग्रज अधिकारी स्लीमनच्या काळच्या इंग्रजी नोंदींत ठग कधी एकटा दिसत नाही. एक फास टाकतो, दुसरा हात धरतो. गंमत म्हणजे स्नीक अटॅकचा नियमही तेच म्हणतो: अॅडव्हान्टेज नसेल तर सावजाच्या पाच फुटांत आपला माणूस हवा. रुमाल हवा असेल तर आधी टोळीत एक हात धरणारा शोधा. आमच्या टोळीतला पुरोहित अजून तयार झालेला नाही.

सध्या माझी चोर तुरुंगात आहे. गेल्या शनिवारी डीएमनं जप्तीची यादी वाचली: दाभण, गोफण, गोळ्या, अंगठ्या, केसांतला आकडासुद्धा. मी विचारलं, "पायजम्याची नाडी?" तो पुस्तक चाळत बसला आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी सांगतो.