दर वाढवण्याआधी क्षेत्र मोजा : पाणीपुरवठा संस्थेच्या उपविधी दुरुस्तीचा अनुभव

नदीतून मोटरीनं पाणी उचलून सभासदांच्या शेतीला देणाऱ्या, पंचगंगाकाठच्या आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेत वादाचा विषय एकच असायचा : एकरी पाणीपट्टी किती? आम्ही तो प्रश्न बाजूला ठेवून आधी सभासद रजिस्टर काढलं. सुधारणेची सुरुवात तिथूनच करावी लागते.

रजिस्टरला आजोबांचं नाव, सातबाऱ्यावर तीन नातवंडांचं आणि पाणी पाजतोय चौथाच, असं अनेक ठिकाणी निघतं. मयत सभासदाच्या शेअर्सना वारस लावल्याशिवाय मतदार यादी सरळ होत नाही. भिजणारं क्षेत्र नुसत्या सातबाऱ्यावरून धरू नका. त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, आणि विहिरीवर भिजणारा तुकडाही आलेला असतो. पाटकऱ्याला, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या माणसाला, घेऊन बांधावर जायचं आणि चेंबरनिहाय (पाइपलाइनवरून शेतात पाणी सोडायची जागा म्हणजे चेंबर) तक्ता करायचा : गट नंबर, सभासद, गुंठे. हे काम उन्हाळ्यात उरका, पावसात कोणी बांधावर येत नाही.

मग विजेचा हिशेब. एका एकराला ७५ मिलिमीटरची एक पाळी (एका वेळचं पाणी देणं) म्हणजे सुमारे ३ लाख लिटर पाणी. ते ४० मीटर उचलायला, पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर साधारण ५५ युनिट लागतात. ६० मीटरला ८३. पाइपातलं घर्षण वेगळंच. म्हणजे सरसकट एकरी दरात नदीकाठचा सभासद माळावरच्याचं बिल भरत असतो. हा आकडा चेंबरनिहाय फळ्यावर लिहिला की आरडाओरडा निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा माळावरच्यांचा.

म्हणून पाणीपट्टीचे दोन भाग केले. स्थिर आकार क्षेत्रावर : पगार, विमा, वीजबिलातला स्थिर आकार, पाइपलाइनची देखभाल. पाणी घेतलं नाही तरी तो द्यायचा. पाळीचा आकार उचल-उंचीच्या टप्प्यावर. विरोध होतो तो स्थिर आकाराला, विशेषतः नंतर स्वतःची विहीर काढलेल्यांचा. पण तो नसेल तर पाऊस चांगला झालेल्या वर्षी किंवा नदीतून पाणी उचलायला बंदी येते त्या उपसाबंदीत पाळ्या घटतात, उत्पन्न आटतं आणि पगार मात्र चालूच राहतात.

राखीव निधीत सहकार कायद्यानं निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा टाकावा लागतो. नफाच शून्य दाखवला तर हिस्साही शून्य, आणि बऱ्याच संस्था ‘ना नफा ना तोटा’ हे भूषण म्हणून मिरवतात! पूर आला की मोटर रिवाइंडिंगला वर्गणीची वही फिरते. आम्ही दुरुस्ती निधी एकरी ठरवून वेगळ्या बँक खात्यात टाकला. शिवाय कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट या इशारा पातळीकडे निघाली की मोटरी वर काढायच्या, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही, असा लेखी ठराव केला.

आता उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नोंदवलेले नियम. सभेची नोटीस १४ दिवस आधी काढा आणि तिच्यासोबत जुना मजकूर, नवा मजकूर, कारण अशा तीन रकान्यांचा तक्ता द्या. ‘ऐनवेळचे विषय’ यात दुरुस्ती घुसडू नका, ती टिकत नाही. प्रत्येक कलमाचा ठराव वेगळा घ्या, नाहीतर एका वादग्रस्त कलमापायी सगळंच पडतं. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. त्यानंतर दोन महिन्यांत प्रस्ताव तालुक्याच्या निबंधक कार्यालयात जायला हवा. नोंदणी होईपर्यंत जुनाच दर आकारा. आणि उपविधीत दराचा आकडा कधीच घालू नका. सूत्र घाला, आकडा दरवर्षी वार्षिक सभा ठरवेल.

कारभारात एक सभासद एक मत कायद्यानंच आहे, क्षेत्रावर मतं मागणाऱ्यांना तिथेच थांबवावं लागतं. शेपटाकडच्यांना, म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाच्या सभासदांना, आवाज मिळावा म्हणून संचालकांच्या जागा चेंबरगटांत वाटल्या. राखीव जागा त्याबाहेर.

वसुलीला सोपा मार्ग साखर कारखान्याच्या ऊसबिलातून कपातीचा. सभासदाचं संमतीपत्र आणि यादी हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याला पोचवा. यादीत नाव कारखान्याच्या नोंदीप्रमाणेच हवं, आडनावातल्या एका अक्षरानं कपात अडते. गुऱ्हाळाला ऊस घालणारे या जाळ्यात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला (थकबाकी सक्तीनं वसूल करायला निबंधक देतो तो) आहे, पण त्या अर्जाला थकबाकीचा सभासदनिहाय उतारा आणि मागणी नोटिसांची पोच जोडावी लागते. पोच नसेल तर नोटीस पुन्हा पाठवण्यापासून सुरुवात.