मुठीतली वाळू आणि तीन क्रेडिट

इथं अमेरिकेत कॉलेजची डिग्री घेताना वर्गाबाहेर शिकलेल्या गोष्टींचेही क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी जमवायची अभ्यासाची मापं, मिळतात, असं गावाकडं फोनवर सांगितलं की कोल्हापूरकरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग आपल्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला तीस वर्षांचे किती देतील?"

शून्य. वर्षांचे काहीच मिळत नाही. त्या तीस वर्षांत तो काय शिकला, ते मांडून दाखवलं तर मात्र मिळतात.

हा नियम इथल्या या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. १९७४ साली सुरू झालेल्या काउन्सिल फॉर अ‍ॅडल्ट अँड एक्स्पिरिएन्शिअल लर्निंग या संस्थेनं, तोंडी तिला 'केल' म्हणतात, जी मानकं घालून दिली त्यांत तो पहिल्यापासून आहे: क्रेडिट शिकण्याला, नुसत्या अनुभवाला नाही. पहिल्यांदा वाचला की राग येतो. ज्या माणसानं उभं आयुष्य भट्टीसमोर काढलं त्याला तुम्ही पुरावा मागता? कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या वस्तीतला, उद्यमनगरातला मोल्डर, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे बनवणारा कारागीर, वाळू हातात घेतो, मूठ आवळतो, गोळा मधोमध मोडतो आणि सांगतो, "पाणी जास्त झालंय." इथल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तेच कळायला यंत्र लागतं. हे मी अभिमानानं लिहितोय आणि यातला एक शब्दही मागं घेणार नाही.

तरीही नियम बरोबर आहे असं माझं मत झालंय. का, ते त्या मुठीतल्या वाळूवरूनच सांगतो.

समजा आपल्या मोल्डरला 'मेटल कास्टिंग' (धातूचं ओतकाम) या तीन क्रेडिटच्या विषयाचे क्रेडिट हवेत. तीन क्रेडिट म्हणजे वर्गात सुमारे ४५ तास आणि घरच्या अभ्यासाचे ९०. या १३५ तासांत विद्यार्थ्याला काय काय यायला हवं, त्याची यादी कोर्सच्या सिलॅबसमध्ये छापलेली असते. उदाहरणार्थ, ओलाव्याचा साच्यावर होणारा परिणाम, वायू बाहेर पडण्याचे मार्ग, आकुंचनाची भरपाई, दोषांची कारणं आणि उपाय. आपण काय शिकलो ते पुराव्यासकट मांडणारी फाइल म्हणजे पोर्टफोलिओ, आणि तो लिहायचा या यादीसमोर, एकेका मुद्द्याला उत्तर देत. आपली माणसं इथंच घसरतात. त्यांचं लिखाण असं असतं: "मी २२ वर्षे मोल्डिंग विभागात काम केले. मला वाळूचे संपूर्ण ज्ञान आहे. माझ्या हाताखाली १४ माणसे होती." हा झाला बायोडेटा. तपासणाऱ्या प्राध्यापकाला यातून काहीच मोजता येत नाही.

त्याच माणसानं असं लिहिलं तर बघा: "पावसाळ्यात एका हाउसिंगच्या कास्टिंगला ब्लोहोल वाढले. मशिनिंगचा पहिला कट घेतला की वरच्या अंगाला पोकळ्या दिसायच्या, आतून गुळगुळीत. म्हणून दोष वायूचा ठरवला. साच्याची वाळू सुटून आत गेली असती तर पोकळी खडबडीत असती आणि तिच्यात कण सापडले असते. वाळूचा ओलावा साडेतीन टक्क्यांवरून पाचाच्या वर गेला होता. नवी वाळू उघड्यावर भिजत होती आणि मिक्सरला पाणी मात्र उन्हाळ्याच्याच मापानं पडत होतं. जादा पाण्याची वाफ झाली. त्यात साचा ठोकून घट्ट केलेला, त्यामुळे तिला वाळूतून वाट मिळाली नाही. नवी वाळू शेडमध्ये घेतली, पाणी कमी केलं, व्हेंट, म्हणजे वायू जायची भोकं, वाढवले. पाणी एकदम तोडलं नाही, कारण वाळूतली चिकणमाती, बेंटोनाइट, पाण्याशिवाय धरत नाही, मग साच्याच्या कडा ढासळतात आणि एक दोष जाऊन दुसरा येतो. पुढं उन्हाळ्यात परतीची वाळू गरम येऊन पॅटर्नला (ज्याभोवती साचा बनवतात त्या नमुन्याला) चिकटायला लागली, तेव्हा हाच विचार उलट्या बाजूनं वापरला."

वाळू तीच आणि माणूसही तोच. पण या परिच्छेदात जे घडलं ते आहे, त्याचं निरीक्षण आहे, त्यातून काढलेला नियम आहे आणि तो नियम दुसऱ्या ठिकाणी वापरल्याचा दाखला आहे. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ साली अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं, त्याचे हेच चार टप्पे. पोर्टफोलिओ लिहायला शिकवताना इथं बऱ्याच ठिकाणी हे चक्र समोर ठेवतात. आता फक्त हाताच्या अंदाजाला पुस्तकातलं नाव जोडायचं राहिलं. मूठ दाबून जे कळतं त्याला कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू दाबल्यावर किती बसते ते) आणि ओलावा म्हणतात. वायू जाऊ देण्याच्या गुणाला पर्मिएबिलिटी. तिची प्रमाणित चाचणी दोन इंच व्यासाच्या, दोन इंच उंचीच्या आणि तीन ठोके देऊन घट्ट केलेल्या नमुन्यातून २००० घन सेंटिमीटर हवा जायला किती वेळ लागतो, त्यावरून होते. पॅटर्नवाला मोठ्या मापाच्या पट्टीनं आकुंचनासाठी जी जादा भर धरतो, तिला श्रिंकेज अलाउन्स म्हणतात. करड्या बिडाला साधारण १ टक्का, पोलादाला साधारण २. एवढी भाषा शिकायला महिनाभर पुरतो. तिच्यामागचं ज्ञान मिळवायला वीस वर्षं लागतात आणि ते आपल्या माणसाकडं आधीच असतं.

कोणी म्हणेल, तिकडं राहून तिकडचं कौतुक करणं सोपं आहे. असेल. पण कामातलं ज्ञान कॉलेजच्या भाषेत तोलायची सोय इथं कोणाच्या मोठ्या मनातून एका दिवसात आली नाही. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक परतले. १९४४ च्या जीआय बिलानं, म्हणजे परतलेल्या सैनिकांना शिक्षणाला मदत देणाऱ्या कायद्यानं, त्यांना कॉलेजची दारं उघडली. रडार दुरुस्त करून आलेल्या पोराला पहिल्या वर्षाची वीज पुन्हा शिकवायची का, हा प्रश्न तेव्हा कॉलेजांपुढं खराखुरा उभा राहिला. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एसीई, १९४५ पासून लष्करी प्रशिक्षणाचं क्रेडिटमध्ये मोजमाप करतेय. १९७४ पासून कंपन्यांच्या प्रशिक्षणाचंही करते. आपला झगडा वेगळा होता. शाहू महाराजांना १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणावं लागलं, कारण पोरं शाळेपर्यंतच पोचत नव्हती. ज्यांना आधी दारात उभं राहू द्यायचं होतं, त्यांना दाराबाहेरच्या शिक्षणाचं मोजमाप उशिरा सुचलं, यात कमीपणा नाही.

आता सरळ कामाचं. पोर्टफोलिओ हा सगळ्यात अवघड रस्ता आहे, त्यामुळे तो शेवटी धरायचा. आधी आपल्या डिग्रीचा ऑडिट मागवायचा, म्हणजे कोणत्या खान्यात किती क्रेडिट रिकामे आहेत त्याचा तक्ता. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात. ते जनरल एज्युकेशन, मुख्य विषय आणि मुक्त इलेक्टिव्ह अशा खान्यांत वाटलेले असतात. मिळवलेले क्रेडिट रिकाम्या खान्यात बसले नाहीत तर ते कागदावर राहतात, डिग्री एक दिवसानंही जवळ येत नाही. सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. मग रजिस्ट्रार ऑफिसकडून लेखी घ्यायचं: असे क्रेडिट जास्तीत जास्त किती चालतात, त्याच कॉलेजचे किमान किती लागतात (बऱ्याच ठिकाणी ३०), ग्रेड मिळते की नुसता पास, आणि आधी ट्रान्स्फर होऊन आलेल्या विषयाशी ते टक्कर घेतात का. शिवाजी विद्यापीठातल्या बी.कॉम.चे अकाउंटिंगचे क्रेडिट मूल्यांकन होऊन आले असतील, तर त्याच विषयाचे परत मिळत नाहीत.

त्यानंतर परीक्षा, म्हणजे वर्गात न बसता पेपर देऊन क्रेडिट मिळवायचे. कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची 'क्लेप' १९६७ पासून चालू आहे. तिच्यात ३४ विषय आहेत, बहुतेक पेपर दीड तासाचे, संगणकावर. गुण २० ते ८० च्या पट्टीवर देतात. एसीईची शिफारस ५० ला क्रेडिट द्यावं अशी आहे, पण कॉलेज त्याहून जास्त मागू शकतं. फी शंभर डॉलरच्या आसपास आणि सेंटरची वेगळी. हेच तीन क्रेडिट वर्गात बसून घ्यायचे तर बहुतेक विद्यापीठांत हजार डॉलरच्या पुढं जातात. मॉडर्न स्टेट्स नावाच्या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पुरा केला तर परीक्षेच्या फीचं व्हाउचरही मिळतं. नापास झालात तर तोच पेपर तीन महिन्यांनीच परत देता येतो, म्हणून प्रवेशाच्या तोंडावर ही परीक्षा ठेवू नका. गुण कोणत्या कॉलेजला पाठवायचे ते परीक्षेच्या वेळीच भरायचं, तेव्हा ते फुकट जातात. नंतर पैसे पडतात. बचत गटाचे हिशेब दहा वर्षं चोख ठेवलेल्या बाईला फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर झेपतो, फक्त आपल्या 'नावे-जमा'ची डेबिट-क्रेडिटशी गाठ नीट घालून घ्यायला हवी. भाषांत क्लेपकडं फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशच आहेत. मराठीसाठी तो रस्ता बंद, त्याचं मला वाईट वाटतं.

क्लेपमध्ये नसलेल्या विषयाला त्या विभागाची चॅलेंज परीक्षा असते का विचारायचं. तीही नसेल तर पोर्टफोलिओ. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमधलं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी १९७२ साली नोकरदार प्रौढांसाठीच उभं राहिलं. शाळेत जेमतेम टिकलेल्या एडिसनचं नाव त्याला मुद्दाम दिलेलं आहे. पोर्टफोलिओच्या बाबतीत अशी कॉलेजं जुनी आणि मुरलेली आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी मात्र जपून पावलं टाकावीत. बॅचलर्सला दर सेमिस्टरला १२ क्रेडिटची पूर्णवेळ नोंदणी लागते आणि असे बाहेरचे क्रेडिट तिच्यात धरले जात नाहीत. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

एक इशारा द्यायलाच हवा. "अनुभवावर घरबसल्या अमेरिकन डिग्री" अशा जाहिराती तिकडं येतात. मान्यताप्राप्त कॉलेज नुसत्या अनुभवावर आख्खी डिग्री कधीच देत नाही. इथल्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी आहे, तिच्यात नाव नसेल तर पैसे भरू नका.

हा शॉर्टकट आहे असं म्हणणाऱ्यांसाठी 'केल'चा २०१० चा अभ्यास सांगतो. ४८ संस्थांतले ६२,४७५ विद्यार्थी तपासले. असे क्रेडिट मिळालेल्यांपैकी ५६ टक्क्यांनी सात वर्षांत डिग्री पुरी केली, न मिळालेल्यांपैकी २१ टक्क्यांनी. जिद्दीची माणसंच असे क्रेडिट मिळवायच्या मागं लागतात, हेही त्यात असणार. पण "तुला हे येतं" असं कॉलेजनं लेखी दिलं की माणूस मधेच सोडून जात नाही, हेही तितकंच खरं वाटतं.

आपल्याकडंही आता चौकट आलीय. एप्रिल २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये ३० तासांचं शिक्षण म्हणजे एक क्रेडिट आणि वर्षाचे १२०० तास म्हणजे ४०. क्रेडिट ठेवायला अ‍ॅकॅडेमिक बँक आहे. संबंधित कामाचा अनुभव असेल तर मूल्यमापनानंतर क्रेडिटला वजन मिळतं, कमाल दुप्पट. म्हणजे वर्षांना इथं मुळीच नसलेली किंमत आपल्या चौकटीत दिलेली आहे. कागदावर आपली चौकट जास्त दिलदार आहे. मला काळजी आहे ती मूल्यमापनाची. मोल्डरचं ज्ञान तोलायला भट्टीजवळ उभा राहिलेला प्राध्यापक हवा, आणि त्याला तासाचे पैसे मिळायला हवेत. इथली फी त्यासाठीच असते.

पुराव्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या छोट्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, नेमणूकपत्र नसतं, ही मोठी अडचण. त्याऐवजी पीएफचं पासबुक, आयटीआयचं आणि अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, रिजेक्शन रजिस्टरच्या पानांचे फोटो, स्वतः काढलेल्या गेटिंगची (साच्यात धातू जायच्या वाटांची) स्केचेस, हे चालतं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर कंपनीचं नाव आणि मापं झाकून घ्या. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. आणि मालकाचं पत्र. "मेहनती, प्रामाणिक, घरच्यासारखा" असं लिहिलेलं पत्र काही उपयोगाचं नाही. लेटरहेडवर, तारखांसकट, एवढं पाहिजे:

"हे अमुक साल ते अमुक साल आमच्या फाउंड्रीत मोल्डिंगचे काम पाहत होते. ग्रीन सँड (ओल्या वाळूचे साचे), महिन्याला इतके टन. वाळूची रोजची तपासणी, मिश्रणातील बदल आणि दोषांचे निदान ते स्वतंत्रपणे करीत. मी हे काम प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यांना पुढील गोष्टी येतात:" आणि खाली सिलॅबसमधले मुद्दे, मालकाला खरे वाटतील तेवढेच. सही, हुद्दा, फोन. कॉलेज त्या नंबरवर फोन करू शकतं, तेव्हा पलीकडं पत्राची आठवण असलेला माणूस हवा. हे पत्र नोकरी सोडतानाच घ्या. शॉप बंद पडलं किंवा वाटणीत गेलं, की सही करायला काम पाहिलेलं कोणी उरत नाही.