सुजाताच्या गावावरून

आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला विहारासमोर खिरीचं मोठं पातेलं चढतं. लहानपणी त्रिशरण-पंचशील भराभर म्हणायचं आणि वाटी पुढे करायची, एवढंच ठाऊक. त्या खिरीचा अर्थ मला यंदा फेब्रुवारीत बोधगयेच्या धम्मयात्रेत लागला.

बाकीची मंडळी गाडीने गेली. आम्ही तिघी डुंगेश्वरीच्या डोंगरापासून पायी निघालो. तिथल्या गुहेत तपस्वी सिद्धार्थांची मूर्ती आहे. डोळे खोल गेलेले, बरगडीन् बरगडी मोजून घ्यावी. याच टापूत सहा वर्षं त्यांनी देह झिजवला. पोटाला हात लावला की पाठीचा कणा हाताला लागायचा, असं त्यांनीच पुढे सांगितल्याचं त्रिपिटकात आहे. मला तिथून उठवेना.

मीही सकाळपासून उपाशीच होते. यात्रा उपाशीपोटी केली तर फळते, असं कुठंतरी मनात बसलेलं. बकरौर जवळ आलं तसं ऊन चढलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या मावशींनी मला बांधावर बसवलं, पदराने वारा घातला, फडक्यातली दशमी आणि गुळाचा खडा हातात दिला. "आधी खा. सुजाताच्या गावात उपाशी राहतीस व्हय गं?"

सुजाताचा विटांचा स्तूप समोरच होता. याच गावच्या सुजाताने दिलेली खीर खाऊन सिद्धार्थांनी उपास सोडला आणि बरोबरचे पाच तपस्वी 'हा ढळला' म्हणून निघून गेले. संबोधी म्हणजे ज्ञानप्राप्ती झाल्यावर भगवंत बुद्ध त्यांनाच शोधत दोनशेहून अधिक किलोमीटर चालत सारनाथला गेले. टाकून गेलेल्यांकडे आधी जायचं, हे मला फार मोठं वाटतं. तिथल्या पहिल्या प्रवचनाची सुरुवातही खिरीपाशीच जाते: देहाचे चोचले नकोत, देहाचा छळही नको, मध्यम मार्ग धरा. मग चार आर्यसत्यं: दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, ते थांबवता येतं आणि ते थांबवायची वाट म्हणजे अष्टांगिक मार्ग. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये या मार्गाचीही प्रतिज्ञा आहे. घरात ती आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. दशमी चावताना मी ती पुन्हा म्हटली, सावकाश.

निरंजना नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू. पूल आहे, पण आम्हाला पात्रातूनच जायचं होतं. पलीकडे महाबोधी विहाराचं शिखर दिसत होतं. चपला हातात घेतल्या, मावशींनी उरलेला गूळ माझ्या पिशवीत टाकला आणि आम्ही वाळूत उतरलो.