आईच्या पायांची सूज आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी सुरू झाल्यापासून आईच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येत होती, म्हणून आज तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी समजावले, की ही गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे धमन्या सैलावतात, पण शिरा तितक्या सैलावत नाहीत, आणि केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही, ती म्हणूनच. रक्तदाबाची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचे काम रोखते आणि शिराही सैलावते, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा निम्मी करून तिची जोड दिली. मात्र टेल्मिसार्टन घेताना रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासावे लागते. गरोदरपणात तर ती वर्ज्यच. इतक्या निगुतीने सांगणारे डॉक्टर लाभले, याचे मला फार समाधान वाटते. रक्ततपासणी दोन आठवड्यांनी आहे.