सव्वातीन इंचाची पुली

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. तिच्या आधीचा आठवडा आमच्या वर्कशॉपला दिवाळीआधीच्या शिंप्यासारखा जातो. अशाच एका मंगळवारी एक गृहस्थ २००२ ची पॉन्टिॲक ग्रँड प्रिक्स जीटीपी घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली. फ्लिंटच्या कारखान्यात या गाडीतलं हेच ३८०० नावाचं इंजिन जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. २००८ च्या ऑगस्टमध्ये शेवटचं इंजिन लाइनवरून उतरलं, तोवर ते तिथेच होते. खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली सुपरचार्जरची पुली काढून टेबलावर ठेवली. सव्वातीन इंच.

"ही बसव. आणि इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांची, आरपीएमची मर्यादा सव्वासहा हजारांवर ने."

"गाडी कोण चालवतं?" मी विचारलं.

"मुलगी. रोज कामावर जाते, आय-७५ महामार्गावरून."

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. मिरवणुकीसाठी सजवायची गाडी असती तर मी एवढा विचार केला नसता.

या गाडीवर ईटन कंपनीचा एम-९० सुपरचार्जर असतो. तो एका फेऱ्यात ९० घनइंच, म्हणजे जवळजवळ दीड लिटर हवा इंजिनात ढकलतो. त्याला पट्ट्याने इंजिनाच्या फिरत्या दांड्याची, क्रँकची पुली फिरवते. त्याची मूळ पुली ३.८ इंचांची. ती लहान केली की क्रँकच्या तेवढ्याच फेऱ्यांत सुपरचार्जरमधले रोटर जास्त फिरतात, ३.८ ला ३.२५ ने भागा, वेग १७ टक्क्यांनी वाढतो. कराडला वडिलांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे हे गणित मला शाळेआधी आलं. जात्याकडची पुली लहान केली की दळण भराभर पडतं, पण पीठ हाताला चटका देतं आणि बायका परत येऊन भाकरी थापताना तुटते म्हणून सांगतात.

हवेचंही तसंच आहे. बाहेर ३२ अंश असताना मूळ पुलीवर ८ पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला ८ पौंडांच्या आसपास दाब धरला, तर सुपरचार्जरमधून निघणारी हवा कागदावरच्या हिशोबाने शंभर अंशांजवळ जाते. लहान पुलीने दाब ११ पीएसआयला नेला तर ती सव्वाशेच्या पुढे. या इंजिनाला इंटरकूलर, म्हणजे ही हवा मध्येच थंड करणारी जाळी नाही. ती तापलेली हवा थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि मग ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो.

हे मी त्यांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बसवून तर बघ."

पुली ओढण्याचं टूल लावून जुनी काढली. ती दाबून बसवलेली असते. हातोडा लावला की मार पुढच्या बेअरिंगवर जातो, आणि असे बिघडलेले सुपरचार्जर मी पुष्कळ पाहिले आहेत. नवी बसवली, पट्टा आखूड घातला, गाडी डायनोवर, म्हणजे चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरांवर बांधली, स्कॅनर जोडला. आरपीएमची मर्यादा मात्र अजून हलवली नव्हती.

पहिल्या धावेत आलेख झकास चढला. गृहस्थांचा चेहरा उजळला. स्कॅनरवर कॉम्प्युटरने स्पार्क २ अंश मागे घेतल्याचं, म्हणजे नॉकिंग ऐकून ठिणगी तेवढी उशिरा पाडल्याचं दिसत होतं. दुसऱ्या धावेत ५. तिसऱ्या धावेत ९, आणि चाकांवरची ताकद सकाळी मूळ पुलीवर मोजली होती त्याच्याही खाली आली. बूस्टचा, म्हणजे हवेच्या दाबाचा काटा मात्र तिन्ही वेळा तेवढाच चढला होता. त्या काट्याबद्दल मला नेहमीच बोलावंसं वाटतं: इंजिन जी हवा गिळू शकत नाही ती मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत साठते, आणि काटा ती साठलेली हवा दाखवतो. मोकळा एक्झॉस्ट लावा, काटा खाली येईल आणि गाडी जास्त पळेल.

"सेन्सर खोटं बोलतोय," गृहस्थ म्हणाले. "या इंजिनांत हे होतं."

त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. नॉक सेन्सर म्हणजे एक कान. सैल माउंटिंग आदळलं किंवा एक्झॉस्टचा पाइप बॉडीला लागला तरी त्याला तो आवाज नॉकिंगसारखा वाटतो. मी माउंटिंग तपासली, ठीक होती. मग आम्ही टाकी उपसून १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरलं (हा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल आपोआप भडकायला नाखूश) आणि इंजिन तसंच तापलेलं असताना पुन्हा धाव घेतली. स्कॅनरवर शून्य. पाइप आदळत असता तर पेट्रोल बदलल्याने आवाज थांबला नसता. नॉकिंग खरंच होतं.

एक स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम. गृहस्थांनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिले. असे पिस्टन त्यांनी आयुष्यभर हाताळले होते.

"किती लहान चालेल?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी कागद घेतला. रोटरला पुली किंवा इंजिन वेगवेगळं कळत नाही, त्याला फक्त आपला वेग कळतो. मूळ पुलीवर ६,००० आरपीएमच्या मूळ मर्यादेला रोटर ज्या वेगाने फिरतात, तोच वेग सव्वातीन इंचांवर इंजिनाच्या ५,१३० लाच येतो. आणि या इंजिनाची २४० हॉर्सपॉवर मिळते ५,२०० ला. म्हणजे ताकदीचं शिखर गाठायच्या आधीच मूळ मर्यादेचा वेग संपला. वर सव्वासहा हजारांपर्यंत नेलं, तर मूळच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांवर माझा भरवसा नव्हता. साडेतीन इंचांची पुली घेतली तर तीच सीमा ५,५२६ ला येते. शिखराच्या थोडी पुढे, बरोबर जिथे गिअर बदलायला हवा तिथे.

"साडेतीन. आणि गिअर साडेपाच हजारांना बदलायचा," मी म्हणालो. "मर्यादा वर न्यायची नाही, खाली आणायची."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं तो प्लग पाहिला नसता तर त्यांनी ऐकलं नसतं.

साडेतीनची पुली बसेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते, दिवसातली सगळ्यात गरम वेळ. मला तीच हवी होती. संध्याकाळच्या गारव्यात केलेली चाचणी रस्त्यावरच्या गाडीच्या कामाची नाही. पुन्हा ९३ ऑक्टेनचं पेट्रोल. मध्ये इंजिन थंड होऊ न देता लागोपाठ चार धावा घेतल्या. स्पार्क सगळ्यात जास्त मागे गेला तो १ अंश. आलेख सकाळच्या मूळ रेषेच्या वर, आणि चौथ्या धावेतही तिथेच.

पाचच्या सुमारास मुलगी कामावरून परस्पर आली. मी पुली दाखवली, आलेख दाखवला, स्कॅनरवरचा आकडा दाखवला. तिने सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, "घाईत कधी ८७ भरलं गेलं तर?"

माझ्याआधी वडील उठले. बाकावरचा मार्कर घेतला, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं : ९३.