वाटीभर दाशी

जपानमधल्या ओसाकाच्या खाद्यफेरीत आमच्या मार्गदर्शक बाईंनी पहिला अर्धा तास आम्हाला काहीही खायला दिले नाही. कुरोमोन बाजारातल्या सुक्या मालाच्या एका दुकानात नेऊन त्यांनी प्रत्येकाच्या हातात कात्सुओबुशीचा तुकडा ठेवला. आपल्या कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावर पुन्हा पुन्हा वाळवून हा पदार्थ इतका कडक करतात की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लाकडासारखा टक्क आवाज येतो. दुकानदाराने तो सुताराच्या रंध्यासारख्या पेटीवर किसला, तेव्हा खालच्या खणात गुलाबीसर, पारदर्शक पापुद्रे साचले आणि त्यांच्या वासासरशी मला आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात पावसाळ्याच्या बेगमीला भरून ठेवलेला सोड्यांचा डबा आठवला.

हे पापुद्रे आणि कोंबू नावाचे वाळवलेले समुद्री शेवाळ यांचा अर्क म्हणजे दाशी. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाचा कोंबू गलबतांतून ओसाकाला येत असे, त्यामुळे इथल्या स्वयंपाकाचा पायाच तो ठरला. 1908 साली रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना उमामी ही गोड, आंबट, खारट, कडू यांहून वेगळी चव सापडली तीही कोंबूच्याच पाण्यात. वाटीभर कोमट दाशी पिऊन आम्ही पुढे निघालो. नंतर खाल्लेल्या उदोन या जाड शेवयांच्या रश्श्यात, ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्याच्या पिठात आणि ऑक्टोपसचा तुकडा घालून केलेल्या ताकोयाकीच्या गोळ्यांत तीच चव मला ओळखता आली. आपल्या शाकाहारी मंडळींनी मात्र नोंदणी करतानाच स्पष्ट सांगावे, कारण भाज्यांच्या साध्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येही बहुधा माशाची दाशी असते.

याआधी टोकियोत, त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात, मी दुसरी एक फेरी केली होती. (तिथला घाऊक मासळीबाजार 2018 साली तोयोसूला हलला, बाहेरची दुकाने तिथेच आहेत.) दोन तासांत नऊ पदार्थ, प्रत्येकासमोर छायाचित्र आणि लगेच पुढचा गाळा. त्या नऊपैकी आज मला दोनच आठवतात, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

आमच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना मी आता जेवायला बसवण्याआधी परसात नेते, कोकमाचे झाड दाखवते आणि वाळलेले तिरफळ बोटांनी चुरडून हुंगायला देते. परवा पुण्याच्या एका आजोबांनी बांगड्याच्या तिखल्याचा पहिला घास घेतला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मगाशी हुंगलं ते हेच ना?"